मास्तरांच्या मानेचा हेडसेट

मास्तरांची मान अकरा वर्षं उजवीकडे कललेली होती आणि ही गोष्ट मास्तर सोडून सगळ्यांना माहीत होती.

मास्तर म्हणजे शिंपीमास्तर. घराची पुढची खोली हेच दुकान. रस्त्याकडच्या खिडकीखाली मशीन, मधोमध कापड बेतायचं लांबलचक टेबल, कोपऱ्यात बिनडोक्याचा पुतळा आणि त्याच्यासमोर माणूसभर उंचीचा आरसा. रोज सकाळी अकराच्या ठोक्याला मास्तरांच्या मोठ्या बहिणीचा, ताईचा, फोन यायचा. ताई लांबच्या गावी राहायची आणि फोन एक वाजेपर्यंत चालायचा. शिंप्याला हात दोनच, तेही कापडात गुंतलेले. म्हणून मास्तर फोन उजव्या कानाच्या आणि खांद्याच्या बेचक्यात दाबायचे आणि काज करता करता ताईचं ऐकायचे. पुढेपुढे फोन खाली ठेवला तरी मान तिथंच राहायला लागली. तिकडे ताईचा फोन डाव्या खांद्यावर असायचा. वर्षा-दोन वर्षांनी भावंडं भेटली आणि शेजारी उभी राहिली, की दोन माना मिळून छान उतरतं छप्पर व्हायचं.

एवढ्यानंही काही बिघडलं नसतं. पण मास्तरांची एक पद्धत होती. टेपवर त्यांचा विश्वास होता तो छाती आणि कंबर एवढ्यापुरता. खांदे ते नजरेनं बघायचे. गिऱ्हाइकाच्या अंगावर कोट चढवायचा, चार पावलं मागे जायचं, एक डोळा बारीक करायचा, खडूनं एक रेघ इकडे, एक रेघ तिकडे, आणि म्हणायचं, "आता सरळ." ते सरळ मास्तरांच्या मानेपुरतं असायचं. गिऱ्हाइकाचा एक खांदा दोन बोटं खाली जायचा.

कुणी बोललं नाही. मास्तर माणूस गोड होते, आणि कोट सांगितलेल्या दिवशी हातात द्यायचे. सांगितलेल्या दिवशी कोट देणाऱ्या शिंप्याशी खांद्यावरून वाद घालणारा माणूस अजून जन्मला नव्हता. लोकांनी जुळवून घेतलं. पोस्टमन वरच्या खांद्याला पिशवी अडकवायचा आणि ती घसरत नाही म्हणून मास्तरांचं कौतुक करायचा. कोपऱ्यावरचा फोटोवाला कॅमेराच तेवढा कलता धरायला शिकला. त्याच्या फोटोत माणसं ताठ असायची आणि मागची भिंत पडायला आलेली असायची. भिंतीनं कधी तक्रार केली नाही.

मग मास्तरांची मुलगी न्यायाधीश झाली.

बातमी आली त्या दिवशी मास्तरांनी कपाटाच्या तळातून काळं कापड काढलं. ते त्यांनी ती कायद्याच्या पहिल्या वर्षाला होती तेव्हाच घेऊन ठेवलं होतं. "कोट मी शिवणार," ते म्हणाले.  मुलगी आईकडे बघून आत गेली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी एक फोटो आणि शेजारच्या गवंड्याची पाणसळ घेऊन बाहेर आली.

"बाबा, बसा."

"माझ्याच दुकानात मला बसा म्हणतेस?"

"बसा हो," मास्तरांची बायको म्हणाली. "पोरगी कालपासून पाठ करतेय."

मास्तर बसले. मुलीनं फोटो टेबलावर ठेवला. तिच्या पदवीच्या दिवसाचा होता, कॉलेजच्या फोटोवाल्यानं काढलेला. त्याला गल्लीतली पद्धत माहीत नव्हती. फोटोत ती, आई, दोन काका आणि मास्तर, सगळे मास्तरांच्याच कोटात.

मास्तरांनी चष्मा वर केला. "हा बोटीवर काढलाय का?"

"बागेत काढलाय, बाबा."

"मग असे का उभे आहोत आपण सगळे?"

"आपण सरळच उभे आहोत. मागचं झाड बघा."

"झाडाचं काय सांगावं," मास्तर म्हणाले, पण आवाजात दम नव्हता.

मुलीनं पुतळ्यावरच्या तयार कोटाच्या दोन्ही खांद्यांवर आडवी पाणसळ ठेवली. काचेच्या नळीतला हिरवा बुडबुडा मध्ये क्षणभर थांबला, मग सुट्टी लागल्यासारखा एका टोकाला जाऊन बसला. मास्तर त्याच्याकडे बघत राहिले. पुतळ्याला डोकं नसल्यामुळे त्याच्याकडून कसलाही आधार मिळाला नाही.

"बाबा, अकरा वर्षं तुमची मान कललेली आहे, म्हणून कोटही कलतात. मी न्यायाधीशाच्या खुर्चीत बसणार आहे. माझ्यासमोर दोन बाजू असणार आहेत. मी पहिल्याच दिवशी एकीकडे झुकलेली दिसले, तर दुसऱ्या बाजूचा वकील तोंड उघडायच्या आधी घरी जाईल."

"हे अकरा वर्षांत कुणी सांगितलं नाही मला?"

"तुम्ही दुखावले असतात," बायको म्हणाली.

"आता काय झालोय मग?"

 मुलीनं घसा साफ करून पहिला निकाल दिला. वीस दिवस. वीस दिवसांत मान सरळ झाली तर कोट बाबांनी शिवायचा. नाही झाली, तर रेडिमेड.

त्या घरात हा शब्द आजवर कुणी मोठ्यानं उच्चारला नव्हता. बायकोनं खिडकी लावून घेतली.

अकरा वाजता फोन आला. मास्तरांनी तो हातात धरला, म्हणजे काम बंद.

"ताई, आपलं बोलणं थांबवावं लागणार."

"मी आजारी आहे का?" ताईनं विचारलं.

"नाही."

"तू?"

"मान तेवढी."

"मग बोलणं कशाला थांबवतोस, छोट्या? मान थांबव ना." मास्तर चोपन्न वर्षांचे होते. छोट्या म्हणणारं जगात एकच माणूस उरलं होतं, आणि ते थांबवणं जमणार नाही हे दोघांनाही माहीत होतं.

आधी फोन स्पीकरवर टाकून पाहिला. पहिल्याच दिवशी एक गुरांचे डॉक्टर ट्रायलला आले होते. ताई सांगत होती, की शेजारीण तिच्या दोरीवर स्वतःच्या चादरी वाळत घालते. डॉक्टरांनी एका बाहीत हात घातलेला असतानाच मत दिलं, "दोरीच काढून टाका." ताई म्हणाली, "मग माझे कपडे?" डॉक्टर म्हणाले, "तिच्या दोरीवर." ताईला डॉक्टर आवडले. ते तासभर एका बाहीवर थांबले, आणि दुसऱ्या दिवशी काही काम नसताना पुढं काय झालं विचारायला आले, बरोबर मित्राला घेऊन. तिसऱ्या दिवशी दुकानात खुर्च्या कमी पडल्या. मास्तरांना आपल्याच बहिणीशी बोलायला मध्ये जागा मिळेना.

"हेडसेट घ्या," मुलगी म्हणाली. "ब्लूटूथचा. वायर नाही, हात मोकळे, मान मोकळी."

मास्तर हेडसेट आणायला गेले ते बायकोला आणि हाताच्या दांड्यानं फिरवायच्या जुन्या मशीनला बरोबर घेऊन. त्यांनी मशीन मोबाइलच्या दुकानात काउंटरवर ठेवलं. काउंटरमागच्या तरुणीनं मशीनकडे बघितलं, मग मास्तरांकडे.

"काका, शिलाई मशीन आम्ही घेत नाही."

"विकायचं नाही. माझं सगळं बोलणं मशीनच्या आवाजात चालतं. समोरच्याला ऐकू जातंय का हे मशीनशिवाय कसं कळणार? ट्रायल कधी देताय?"

"ट्रायल नसते, काका. डब्यावर सगळं लिहिलेलं असतं."

"माझ्याकडे कोटाला दोन ट्रायल असतात. पहिली कच्च्या टाक्यावर."

"याला टाके नसतात."

"म्हणूनच म्हणतो, जपून घेतलेलं बरं."

तरुणीला एकदम काहीतरी आठवलं. "तुम्ही ते कोटवाले मास्तर? माझ्या भावाचा कोट तुमच्याकडचाच! तो त्यात..." तिची नजर मास्तरांच्या मानेवर गेली. अकरा वर्षांचं कोडं तिच्या डोळ्यांदेखत सुटलं. "बसा काका," ती हळू आवाजात म्हणाली. "हव्या तेवढ्या ट्रायल घ्या."

मास्तरांनी ताईला फोन लावला, चष्मा घातला, कानावर खडूची पेन्सिल खोचली आणि ओठांत चार टाचण्या धरल्या. गिऱ्हाइकासमोर असताना ते जसे असत तसे. बायकोनं दांडा धरला.

पहिला हेडसेट दोन्ही कान झाकणारा, उशीसारखा मऊ. घालताच मास्तरांच्या चेहऱ्यावर दुपारच्या झोपेचं सुख पसरलं. पण पाच मिनिटांत चष्म्याच्या काड्या कानामागं रुतायला लागल्या, आणि बायकोनं तीनदा हाक मारली ती त्यांना ऐकूच आली नाही. "हा नको," ते उतरवत म्हणाले. "टाचणी टोचली की गिऱ्हाईक 'आई गं' म्हणतं. ते ऐकू यायला पाहिजे. सगळा धंदा त्याच्यावर उभा आहे."

दुसरा म्हणजे कानात खोचायच्या दोन गोळ्या. मास्तरांनी आधी दोन्ही कानांची मापं घेतली. उजवा कान दाबून दाबून सपाट झालेला निघाला. "दोन मापांत मिळेल का? बाह्या आम्ही देतो तशा." तरुणीनं वेगवेगळी रबरं लावून दिली. मास्तर कापड कापायला वाकतात तसे काउंटरवर वाकले, आणि उजवी गोळी टपकन पडून काउंटरखाली गेली. तीनदा वाकले, तीनदा गेली. ताईचं मत आलं, "पिंपात बसून बोलतोयस."

तिसरा गळ्यात अडकवायचा. हा बरा वाटला. ताई म्हणाली, "पिंपातून बाहेर आलास, पण अजून पिंपाजवळच आहेस." मास्तर विचार करत असताना शेजारी एक उंच गृहस्थ येऊन उभे राहिले. मास्तरांचा हात सवयीनं गळ्याकडे गेला, गळ्यातलं काढून त्यांनी त्या गृहस्थांच्या पाठीला लावलं आणि मग आकडा शोधायला लागले.

"काय करताय?" गृहस्थ म्हणाले.

"यावर आकडेच नाहीत," मास्तर तक्रारीच्या सुरात म्हणाले.

चौथा एकाच कानाचा. पिसासारखा हलका. कानाला मऊ गादी, चष्म्याच्या काडीला वाट सोडलेली, आणि गालावरून तोंडाच्या कोपऱ्यापर्यंत येणारी एक बारीक दांडी, तिच्या टोकाला माइक. दुसरा कान 'आई गं'साठी मोकळा. मास्तरांनी उजव्या कानाला लावला, कारण डाव्यावर पेन्सिल होती. वाकले. पडला नाही. बायकोनं दांडा असा फिरवला, की काउंटरवरचे डबे नाचायला लागले.

मास्तर ताईच्या मताची वाट बघत राहिले.

"ताई?"

"मशीन बंद केलंस?"

"चालूय. तुझी भावजय घामाघूम झालीय."

"मला फक्त तू ऐकू येतोयस," ताई म्हणाली. "छोट्या, एक सांगू? अकरा वर्षं तुझं निम्मं बोलणं मशीनखाली जायचं. मी अंदाजानं 'हो ना' म्हणायचे."

मास्तरांनी ओठांतल्या टाचण्या काढल्या. "मी तुला विचारलं होतं, मधली भिंत पाडून दुकान वाढवू का. तू हो ना म्हणालीस."

"पाडलीस?"

"पाडली."

"बरं झालं," ताई म्हणाली. "ऐकू आलं असतं तरी मी तेच म्हटलं असतं."

तरुणीनं डबा बांधून दिला. मशीन परत नेताना बायकोनं मास्तरांना सांगितलं, की पुढच्या वेळी काही घ्यायचं असलं तर ती चष्मा लावेल आणि दांडा त्यांनी फिरवावा.

हेडसेट झकास निघाला. मान मात्र होती तिथंच राहिली. रोज संध्याकाळी मुलगी मास्तरांना स्टुलावर बसवून डोक्यावर पाणसळ ठेवायची. आठ दिवसांत बुडबुडा तांदळाच्या दाण्याएवढा सरकला. फोन गेला होता, पण मान त्याची जागा राखून बसली होती, न जाणो परत आला तर. आणि कोट शिवायचे तीन दिवस वजा केले, तर हातात उरले होते फक्त नऊ.

नवव्या दिवशी मास्तरांनी काळं कापड टेबलावर पसरलं, त्यावरून हात फिरवला आणि पुन्हा घडी घातली. दुपारी मुलीच्या हातात रेडिमेड कपड्यांच्या दुकानाचा कागद दिसला. तिनं तो पाठीमागं लपवला. तो लपवलेला बघणं त्यांना जास्त जड गेलं.

त्या संध्याकाळी त्यांनी जन्मात केलं नव्हतं ते केलं. स्वतःलाच अल्टरला घेतलं. कोटाच्या कॉलरमध्ये घालायचं कडक बकरम चार पदरी घेऊन त्यांनी स्वतःच्या मापाची एक उंच, ताठ कॉलर शिवली आणि सकाळी ती चढवून मशीनवर बसले. बायको म्हणाली, "बरणीत ठेवल्यासारखे दिसताय."

अकरा वाजता फोन आला. ताई दोरीचं सांगत होती. डॉक्टरांचा सल्ला तिनं पाळला होता आणि शेजारीण आता तिच्याशी फार प्रेमानं वागत होती. मध्येच ती थांबली.

"हे खर्र काय होतं?"

"काय खर्र?"

"आता झालं. आता नाही. आता परत झालं बघ. खर्र."

मास्तरांना काही कळेना. बायकोनं हातातली कात्री खाली ठेवली आणि त्यांच्याभोवती एक चक्कर मारली. "अहो, मान कलली की ती दांडी कॉलरला घासते. सरळ करा. आता?"

"आता काही नाही," ताई म्हणाली.

"पाडा," बायको म्हणाली.

"खर्र!"



"म्हणजे छोट्या," ताई सावकाश म्हणाली, "मला तुझी मान ऐकू येतेय."

तेव्हापासून ताईनं कामच हातात घेतलं. रोज अकरा ते एक ती बोलायची आणि बोलता बोलता पहारा द्यायची. "मग डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गोळी जेवणाआधी – मान! – घ्यायची का नंतर, तर मी म्हटलं – मान! – मला जेवायचंच आठवत नाही." साधा फोन असता, तर हे खर्र मशीनखाली चिरडून गेलं असतं. पण हा हेडसेट पिसाचा आवाज पोचवणारा होता आणि पलीकडे मोठी बहीण बसली होती. चार दिवसांनी ती एकच्या ऐवजी दोनपर्यंत बोलायला लागली. म्हणाली, औषधाचा डोस वाढवलाय.

बुडबुडा सरकायला लागला. बारावा दिवस, पाव नळी. चौदावा दिवस, अर्धी. पंधराव्या दिवशी मास्तर खिडकीतून बाहेर बघत होते आणि समोरून पोस्टमन गेला.

"अगं, हा असा काय चाललाय? पाय मुरगळला का याचा?"

"तुमचा कोट आहे तो," बायको म्हणाली.

मास्तर खिडकीत उभे राहिले. एकेक करून गल्ली समोरून गेली. मुख्याध्यापक, गुरांचे डॉक्टर, त्यांचा मित्र. सगळे त्याच दिशेला थोडे ओघळलेले. मास्तरांना क्षणभर वाटलं, आपण आता चक्कर येऊन पडणार, आणि पडलो तर सरळ पडणार. मग त्यांनी दारावर पाटी लावली: सर्व जुने कोट खांद्यातून मोफत अल्टर करून मिळतील. पोस्टमन पाटी वाचून आत आला आणि काळजीनं म्हणाला, "मास्तर, पिशवी कुठं अडकवू मग?"

सतराव्या दिवशी बुडबुडा मधल्या दोन रेघांच्या आत आला आणि तिथंच थांबला. मास्तरांनी काळं कापड पसरलं. कात्री चालली तेव्हा घरात कुणी चमचासुद्धा वाजवला नाही. अठराव्या दिवशी कच्च्या टाक्यावर पहिली ट्रायल. एकोणिसाव्या दिवशी दुसरी.

विसाव्या दिवशी सकाळी मुलगी कोट घालून आरशासमोर उभी राहिली. मास्तर चार पावलं मागे गेले. एक डोळा बारीक केला. तोंडात चार टाचण्या, कानाला हेडसेट, पलीकडे ताई. त्यांनी तोंड उघडलं, आणि नेहमीचे दोन शब्द त्यांना फुटेनात.

"तूच बघ," ते बायकोला म्हणाले.

बायकोनं मुलीच्या दोन्ही खांद्यांवर पाणसळ ठेवली. हिरवा बुडबुडा थोडा डावीकडे गेला. थोडा उजवीकडे आला.

"काय झालं?" हेडसेटमधून ताई ओरडली. "बुडबुडा कुठाय? छोट्या! कुणीतरी बोला!"

मास्तरांनी टाचण्या तळहातावर काढून घेतल्या. "मध्ये," ते म्हणाले. "ताई, अगदी मध्ये."

मुलगी आरशात बघतच होती. न्यायाधीशबाईंचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायला तिच्याकडे कुठला कागद नव्हता. "बाबा," ती म्हणाली, "निकाल तुमच्या बाजूनं."

"एकीकडे झुकू नकोस," मास्तर म्हणाले, आणि तिघंही हसत सुटली. पलीकडून ताईही हसली, कारण आता तिला सगळं ऐकू येत होतं.

कोर्टातल्या पहिल्या दिवसासाठी ताई स्वतः आली. दारातून आत आली ती मान डावीकडे टाकून. आल्या आल्या मास्तरांनी तिला स्टुलावर बसवलं आणि कानाचं माप घेतलं. "तुझ्या डाव्या कानाचा वेगळा घ्यावा लागेल. मशीन परत काढायला पाहिजे."

"मला नको तसलं काही," ताई म्हणाली. "माझी मान ठीक आहे."

संध्याकाळी कोपऱ्यावरच्या फोटोवाल्याला बोलावलं. मध्ये काळ्या कोटातली मुलगी, एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला मास्तर आणि ताई. फोटोवाल्यानं अकरा वर्षांच्या हातानं कॅमेरा कलता धरला आणि बटण दाबलं. फोटो आला तेव्हा त्यात न्यायाधीशबाई कललेल्या, आई कललेली, मास्तर कललेले, दार, खिडकी आणि बिनडोक्याचा पुतळाही कललेला. सगळ्यांत सरळ होती एकटी ताई.

"बघा!" ताई म्हणाली. "मी म्हटलं नव्हतं?"

फोटोवाला दुसरा काढतो म्हणाला. मास्तरांनी त्याला काढू दिला नाही. फोटोला चौकट करून आणली, आरशाशेजारी खिळा ठोकला, चौकट टांगली, चार पावलं मागे गेले आणि एक डोळा बारीक केला.

"आता सरळ," ते म्हणाले.

"खर्र," शेजारी उभी असलेली ताई म्हणाली. मास्तरांनी दचकून मान ताठ केली, आणि ताईनं आपली डावीकडे कललेली मान त्यांच्या खांद्यावर आरामात टेकवली.